धो धो पाऊस पडूनही मार्चमध्ये टँकर का लागतो?

होळी झाली की बातम्या सुरू होतात. अमुक तालुक्यात इतके टँकर, तमुक गावात विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरणाऱ्या बायका. त्याच तालुक्यातल्या ओढ्याला आलेल्या पुराचे व्हिडिओ आपण सात-आठ महिन्यांपूर्वी एकमेकांना पाठवलेले असतात. मग ते पाणी गेलं कुठे? माझ्या पुतणीनं गेल्या उन्हाळ्यात मला हे विचारलं. "काका, इतका पाऊस झाला होता ना?" एका वाक्यात उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. शेतातली विहीर पंचेचाळीस फूट खोल, आत उतरायला दगडी पायऱ्या. आजोबा रोज सकाळी तोंडात कडुनिंबाची काडी धरून विहिरीत डोकावायचे आणि पाणी कितव्या पायरीवर आहे ते बघायचे. दिवाळीच्या सुमाराला सातवी पायरी बुडालेली असेल तर गहू. पाणी त्याच्या खाली गेलं असेल तर हरभरा. अकरावी पायरी उघडी पडली असेल तर नुसती करडई, तीही जमिनीतल्या ओलीवर. घरात यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. पायरी सांगायची आणि घर ऐकायचं.

आज त्या विहिरीत बाभळी उगवल्या आहेत. आजूबाजूला मिळून अकरा बोअर आहेत, त्यातले चार चालू.

जमिनीखाली नेमकं आहे काय?

बहुतेकांच्या मनात एक चित्र असतं: खूप खोल गेलं की एखादी वाहती नदी किंवा मोठा तलाव लागणार. पाणाडी हातावर नारळ ठेवून फिरतो तेव्हा तो त्या नदीचाच माग काढतोय असं वाटतं. आपल्याकडे अशी नदी नाही.

महाराष्ट्राचा साधारण ऐंशी टक्के भाग बेसाल्ट खडकावर बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा बाहेर आला. तो थंड झाला, त्यावर पुन्हा लाव्हा आला, पुन्हा थंड झाला. असं कितीतरी वेळा झालं. त्यातून जे तयार झालं ते भाकरींच्या चवडीसारखं आहे. प्रत्येक भाकरीचा मधला भाग घट्ट, म्हणजे आपला काळा कातळ. वरचा पापुद्रा मात्र फुगलेला आणि भोकाभोकांचा, ज्याला विहीर खोदणारी माणसं मांजऱ्या खडक म्हणतात. सगळ्यात वरची भाकरी लाखो वर्षं उन्हापावसात झिजून भुसभुशीत झाली, तो मुरूम.

पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि कातळाच्या भेगांत. कातळाच्या अंगात पाणी नसतं. पाणी साठवून ठेवणाऱ्या आणि विहिरीला देणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात. या लेखात एवढा एकच शास्त्रीय शब्द लक्षात ठेवा.

आता हा जलधर किती पाणी देतो? उत्तर प्रदेश-बिहारात जमिनीखाली वाळू आणि गाळ आहे. एक बादली वाळूनं भरा आणि तिच्यात पाणी ओता, बरंच मावतं. तीच बादली दगडी पाट्यांनी घट्ट भरा, पाणी फटींपुरतंच जाईल. आकड्यांत सांगायचं तर एका एकराखाली पाण्याची पातळी एक मीटर उतरली, तर गाळाच्या वालुकामय जमिनीतून साधारण साडेसहा लाख लिटर पाणी मिळालेलं असतं. आपल्या बेसाल्टच्या मुरमातून साधारण ऐंशी हजार लिटर. दहा हजारांचे आठ टँकर, बस्स.

आपलं भांडं जात्याच उथळ आहे. चांगल्या पावसात ते पटकन भरतं आणि उरलेलं पाणी ओढ्यानं वाहून जातं. पुराचे व्हिडिओ येतात ते याच पाण्याचे. भांडं मोठं नसल्यामुळे ते रिकामंही तितक्याच पटकन होतं.

बोअर म्हणजे खोल विहीर नव्हे

बोअर आपल्याकडे आला तो तहान भागवायला. १९७२च्या दुष्काळानं विहिरी कोरड्या पडल्या होत्या. हवेच्या दाबानं कातळ फोडणारी यंत्रं तेव्हा देशात नुकतीच आली होती. पिण्याच्या पाण्यासाठी गावोगाव बोअर घेतले गेले आणि त्यांवर हातपंप बसले. देशभर, पुढे आफ्रिकेतही पोचलेल्या 'इंडिया मार्क टू' हातपंपाची मुळं जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कार्यशाळांतल्या पंपांत आहेत, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. त्या हातपंपानं असंख्य बायकांची पायपीट वाचवली. माझ्या आजीचीही वाचली. म्हणून मी बोअरला सरसकट वाईट म्हणणार नाही.

हातपंप माणूस दमेपर्यंतच पाणी देतो. पुढे सबमर्सिबल मोटर आली आणि दमायचं कारण संपलं. पिण्यासाठी आलेला बोअर पिकासाठी वापरायला लागलो, तिथे सगळं बदललं.

विहीर आणि बोअर यांतला फरक एका रात्री मला प्रत्यक्ष कळला. शेजारच्या काकांनी बोअर घ्यायचं ठरवलं. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोड्याची गाडी आली. आमच्याकडच्या बहुतेक गाड्या तिकडच्याच. नारळ फुटला, रात्री नऊला गाडी सुरू झाली. वीस-वीस फुटांचे रॉड एकापुढे एक आत जात होते आणि काकांचा मुलगा वहीत रेघा मारत होता. करडा फुफाटा उडून बांधावरची तूर पांढरी झाली. ३४० फुटांवर फुफाटा जरा ओलसर झाला, सगळे उठून उभे राहिले. पुन्हा कोरडा. ६२० फुटांवर काकांनी हात वर केला. फुटावर दर ठरलेला असतो. पुढचा प्रत्येक रॉड म्हणजे उसनवारी.

बोअर फेल गेला. तीन आठवड्यांनी आमच्या विहिरीत त्या बाजूनं येणारा झरा बंद पडला. मी काकांच्या बोअरच्या केसिंगला कान लावला. आत, खोल कुठेतरी, पाणी पडत असल्याचा आवाज येत होता.

त्याचं कारण असं. केसिंगचा पाइप फक्त वरच्या भुसभुशीत थरापुरता, तीस-चाळीस फूट घालतात. त्याखाली बोअर म्हणजे नागडं भोक. ते भाकरींच्या सगळ्या चवडीतून आरपार जातं. वरच्या मांजऱ्यात मुरलेलं पाणी, जे बाजूला सरकत आमच्या विहिरीत यायचं, त्याला आता सरळ खाली जायला वाट मिळाली. खालच्या भेगांत ते पसरलं. कुणाच्याच हाती लागलं नाही. काकांचे पैसे गेले, आमचा झरा गेला, आणि दोष द्यायला समोर कुणीच नव्हतं, कारण काकांनी तेच केलं होतं जे सगळं गाव करत होतं.

विहिरीत पाणी कमी झालं की दिसतं. पायरी उघडी पडते. साडेसहा इंचाच्या भोकात डोकावून काहीच दिसत नाही. बटण दाबलं की पाणी येतं, आणि एक दिवस बटण दाबलं की येत नाही. मधली पायरीच नाही. आपण ज्याला सुधारलेलं जगणं म्हणतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी अशा आहेत. नळ, विजेचं बटण, कचऱ्याची गाडी. सगळीकडे सोय हीच की मागे काय चाललंय ते बघावं लागू नये. पाण्याच्या बाबतीत या न बघण्याची किंमत फार मोठी पडली.

एका एकराचा हिशोब

वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरू. एका एकरावर तो साधारण २८ लाख लिटर पडतो. त्यातलं बेसाल्टच्या जमिनीत खोल मुरतं ते ढोबळमानानं दहावा हिस्सा, म्हणजे २.८ लाख लिटर. बाकीचं मातीची ओल होतं, वाफ होतं किंवा वाहून जातं. हा २.८ लाखांचा आकडा म्हणजे त्या एकराची वर्षाची कमाई.

आता खर्च. हरभऱ्याला दोन पाणी दिली तर एकरी पाचेक लाख लिटर लागतं, म्हणजे दोन एकरांची कमाई. उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत साधारण २००० मिलिमीटर पाणी लागतं. पावसाचं वजा केलं तरी एकरी साठेक लाख लिटर उपसावं लागतं, म्हणजे वीस-एकवीस एकरांची कमाई. एक एकर ऊस उभा राहतो तेव्हा आजूबाजूच्या वीस एकरांत मुरलेलं पाणी त्यानं प्यालेलं असतं. धरणाचं किंवा कालव्याचं पाणी असेल तर गणित वेगळं. बोअरवरचा ऊस असेल तर हेच.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. पहिल्या खेपेत दहा वाघिणी होत्या, सुमारे ५ लाख लिटर. एक एकर हरभऱ्याच्या दोन पाळ्या होतात तेवढंच ते पाणी. एक एकर उसाला तशा बारा गाड्या लागल्या असत्या. त्या स्टेशनवर गर्दीत मीही उभा होतो. गाडी आल्याचा आनंद होता, आणि आपल्याच जिल्ह्याच्या पोटातलं पाणी आपण कसं संपवलं याचा विचार कुणाच्याच बोलण्यात नव्हता, माझ्याही नाही.

"पण आता पाऊसच कमी झालाय ना?"

काही वर्षं खरोखर वाईट गेली. २०१४ आणि २०१५ लागोपाठ कोरडी होती. पाऊस लहरी झालाय हेही खरं. पण चांगल्या पावसाच्या वर्षानंतरही टँकर सुरू होतात, तेव्हा एकट्या पावसाला दोष देऊन भागत नाही. भांडं ऑक्टोबरमध्ये भरलेलं असतं. ते मार्चपर्यंत कुणी आणि कशासाठी उपसलं, हा प्रश्न उरतोच.

"माझ्या जमिनीखालचं पाणी माझंच आहे"

इथे कायदाच आपल्याला चुकीचं शिकवतो. १८८२च्या इंग्रजांच्या काळातल्या सुविधाधिकार कायद्यानं जमीनमालकाला आपल्या हद्दीत जमिनीखालचं पाणी हवं तेवढं काढायची मुभा दिली. तेव्हा मोट होती आणि बैल होते. बैल दमायचे, म्हणून तो कायदा खपून गेला.

पाण्याला सातबारा समजत नाही. एकाच ग्लासात दहा जणांनी स्ट्रॉ घातली आणि प्रत्येकजण म्हणाला की माझ्या स्ट्रॉखालचं सरबत माझं, तर ज्याची स्ट्रॉ लांब तोच पिणार. गावात लांब स्ट्रॉ म्हणजे ज्याच्याकडे हजार फुटांचे पैसे आहेत तो. ज्याची जुनी विहीर आहे, तो लहान शेतकरी आधी कोरडा पडतो. ज्याला जमीनच नाही त्याचं तर नावही या हिशोबात येत नाही.

महाराष्ट्रानं हे ओळखून कायदे केले. १९९३च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी घातली. २००९चा भूजल कायदा जून २०१४ पासून लागू झाला. ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहीर शेतीसाठी आणि उद्योगासाठी घ्यायची नाही, असं त्यात आहे. काकांचा बोअर ६२० फुटांचा होता. आमच्या पंचक्रोशीत या अटीमुळे कुणाची गाडी परत गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

"शेतकऱ्यानं काय उपाशी मरायचं?"

हा आक्षेप सगळ्यात रास्त आहे. बोअर कुणी हौसेनं घेत नाही. उसाला किमान दर कायद्यानं ठरलेला आहे आणि माल उचलायला कारखाना येतो. तूर-हरभऱ्याला हमीभाव कागदावर असतो, पण खरेदी केंद्र कधी सुरू होईल आणि कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो. मुलीचं लग्न किंवा मुलाची फी अशा भरवशावर ठरवता येत नाही. त्यातच शेतीपंपाचं बिल कित्येक वर्षं अश्वशक्तीवर ठरायचं, मोटर किती तास चालली त्यावर नाही. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतची वीज मोफतच झाली. शेतकऱ्याचं ओझं हलकं झालं हे बरंच झालं. पण मोटर बंद करावी असं सांगणारी एकही गोष्ट आता त्याच्या समोर उरली नाही. एकट्या शेतकऱ्याला शहाणपण शिकवून हे सुटणार नाही. कमी पाण्याच्या पिकाला उसाइतकाच खात्रीचा गिऱ्हाईक मिळाला पाहिजे.

शहरानंही यातून अंग काढून घेऊ नये. पुण्या-संभाजीनगरात सोसायट्यांचे बोअर आहेत, टँकर भरणाऱ्यांचे बोअर आहेत. इमारतीच्या तळघरासाठी खड्डा खणला की झरे लागतात आणि ते पाणी महिनोन्महिने पंपानं गटारात सोडलं जातं. मुरायला जागा ठेवायची नाही आणि आटलं की आणखी खोल जायचं. भारत वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर भूजल उपसतो, जगात सगळ्यात जास्त. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी दाखवलं की १९९३ ते २०१० या काळात जगभर जमिनीतून काढलेल्या पाण्यामुळे पृथ्वीचं वजन इकडचं तिकडे झालं आणि तिचा अक्ष सुमारे ८० सेंटीमीटर सरकला. वायव्य भारतातल्या उपशाचा त्यात मोठा वाटा होता. आपल्या मोटरची कळ दाबताना पृथ्वी जराशी कलते, ही कल्पना मला अजून पचत नाही.

"पाणी जिरवलं की झालं, उपसा कशाला मोजायचा?"

बांध-बंदिस्ती, चर, नालाबंडिंग ही कामं हवीतच. मी स्वतः श्रमदानाला गेलो आहे. पण भांडं दगडी पाट्यांचं आहे हे विसरू नका. जास्त जिरवलं तर ते लवकर भरेल. ते मोठं होणार नाही. त्यात नाला खोल करताना मुरूम काढून कातळापर्यंत गेलं, तर जिरवणारा थरच आपण उचलून फेकलेला असतो.

शेततळ्याचंही तसंच. ओढ्याचं वाहतं पाणी साठवायला शेततळं आलं. आता बरीच शेततळी प्लास्टिक अंथरून विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यानं भरली जातात. जमिनीखाली सावलीत असलेलं सगळ्यांचं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, म्हणजे ते एकाचं होतं आणि उन्हाळाभर वाफ होऊन कमीही होत राहतं.

खोलवरच्या पाण्याची आणखी एक बाजू. ते खडकात फार काळ राहिलेलं असतं, त्यामुळे क्षार जास्त उतरलेले असतात. यवतमाळसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरमध्ये फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडतं. त्यानं मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, पुढे हाडं आखडतात.

मग कुणी हे जमवलंय का?

जमवलंय, आणि तेही आपल्याच दुष्काळी भागात. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम मला आजही थक्क करतो. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गावानं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली. पाऊस मोजायचा, किती पाणी मुरलं ते बघायचं आणि मग ग्रामसभेत ठरवायचं की यंदा कोणतं पीक किती घ्यायचं. आधी प्यायला, मग जनावरांना, मग शेतीला. पाऊस कमी झाला त्या वर्षी पीक कमी. आजोबांची पायरी तिथे अख्ख्या गावानं मिळून वाचायला घेतली.

तेव्हाच्या अखंड आंध्रातल्या सात जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी स्वतःच विहिरींची पातळी मोजून हंगामाआधी पाण्याचा ताळेबंद मांडला. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेनं महाराष्ट्रासह सात राज्यांत तेच करायला सांगितलं. त्यातल्या ग्रामपंचायतींच्या भिंतींवर पाण्याच्या जमाखर्चाचे तक्ते रंगवलेले दिसतील. तुमच्या गावात असेल तर ग्रामसभेत एकदा विचारा की हा आकडा कुणी मोजला, कधी मोजला, आणि पीक ठरवताना तो कुणी वाचला का.

पायरी पुन्हा वाचायची तर

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. घरच्या विहिरीवर हेच करायला दोरी आणि दगड पुरतो. फुटाफुटावर गाठ मारायची, दगड पाण्यात बुडाला की वर ओढून काठापासून कितवी गाठ ओली झाली ते मोजायचं. बोअरला वेगळं साधन लागतं, पण परिसरात एक जुनी विहीर धड असेल तर तिथूनही वरच्या थराचा अंदाज येतो. गेल्या दिवाळीत काका आणि मी मिळून आमच्या विहिरीतल्या बाभळी तोडल्या. पुतणीनं दोरी सोडली. एकोणतीस गाठी कोरड्या आल्या, तिसावी ओली. तिनं वहीत तारीख घातली आणि काकांना विचारलं, "म्हणजे गहू की हरभरा?"

काका बराच वेळ खाली बघत राहिले. "करडई," म्हणाले.